जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स घरी उघडताना: आधी मोजा, मग पार्ट आणा

काकांची १९८६ सालची बुलेट ३५० आडगावच्या मळ्यातून माझ्याकडे आली तेव्हा तिचा तिसरा गिअर सुटत होता. चढावर ॲक्सिलरेटर दिला की खट्ट आवाज यायचा आणि इंजिन मोकळं फिरायचं. एका गॅरेजमध्ये दाखवली. गाडी न उघडताच उत्तर मिळालं, "अख्खा सेट बदलावा लागेल." मी विश्वास ठेवला. नवा सेट बसला, जुने गिअर भंगारात गेले आणि तीनशे किलोमीटरच्या आत तिसरा पुन्हा सुटायला लागला. मग मी स्वतः बॉक्स उघडला. लेशाफ्टच्या (मुख्य शाफ्टच्या जोडीला असलेल्या दुसऱ्या शाफ्टच्या) एका टोकाचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, लंबगोल झाला होता. भार आला की शाफ्ट तिरका व्हायचा, डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे जाड दाते) सरळ बसायचे नाहीत आणि गिअर बाहेर ढकलला जायचा. ब्रॉन्झच्या एका बुशसाठी मी अस्सल जुने गिअर घालवले. त्यांच्या तोडीचे पुन्हा मला मिळाले नाहीत. हे लिहिण्याचं कारण तेच आहे.

इथे ज्या बॉक्सबद्दल लिहितो आहे तो उजव्या पायाने पडणाऱ्या गिअरचा, चार स्पीडचा, अल्बियन या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या रचनेचा. पहिला वर, बाकी तीन खाली. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनू लागली आणि पुढे काही दशकं हाच बॉक्स तिच्यात राहिला. घरी काम करणाऱ्यासाठी ही रचना फार सोयीची आहे. बॉक्स इंजिनच्या पाठीला बोल्टने जोडलेला असतो आणि आतला सगळा ऐवज उजव्या बाजूने बाहेर येतो. इंजिन फ्रेममधून उतरवायची गरज नाही.

उघडण्याआधी गाडीचं ऐका

हे काम गाडी तापल्यावर करा. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो, आपल्याकडे नाशिकलाही सकाळी बोटं आखडतात. त्या थंडीत घट्ट झालेल्या ऑइलमुळे कुठलाही जुना बॉक्स जड पडतो. त्यावरून निदान करू नका.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लच सोडलेला असताना मेनशाफ्ट (क्लचकडून ताकद आणणारा मुख्य शाफ्ट) फिरतो, मागचं चाक थांबलेलं असतं. या वेळी घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर संशय मेनशाफ्टच्या बेअरिंगवर किंवा स्लीव्ह गिअरच्या (मेनशाफ्टवरचा पोकळ गिअर, मागच्या चेनचं स्प्रॉकेट याच्यावरच बसतं) आतल्या बुशवर धरा. मग गाडी चालवा. चौथ्या गिअरमध्ये मेनशाफ्ट आणि स्लीव्ह गिअर एकमेकांत अडकून एकत्र फिरतात, ताकद लेशाफ्टमधून जातच नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात गायब होत असेल, तर दोष लेशाफ्टचे बुश, त्यावरचे गिअर किंवा स्लीव्हचा बुश यांपैकी कशात तरी आहे. एवढी एक फेरी मारली असती तर माझे पैसे वाचले असते.

दोन तक्रारींची गल्लत नेहमी होते. गिअर पडला, पकडला, आणि भार येताच सुटला, तर ती आतली झीज असते किंवा डॉग पुरते आत जात नसतात. गिअर पडलाच नाही, दोन गिअरच्या मध्ये लटकला आणि खोटं न्यूट्रल लागलं, तर आधी रॅचेटचं (पायाच्या एका दाबाला एकच गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं) सेटिंग बघा. बाहेरच्या कव्हरवरची छोटी झाकणपट्टी काढली की दोन बोल्टने धरलेली एक प्लेट दिसते, तिच्या भोकांना लांबट खाच असते. बोल्ट सैल करून प्लेट अगदी अर्धा मिलिमीटर सरकवा, कसा, आणि चारही गिअर वर-खाली टाकून बघा. बिघडलं तर उलट्या बाजूला सरकवा. पुष्कळ बॉक्स इथेच बरे होतात आणि उघडावे लागत नाहीत. हे सेटिंग न करता थेट पुढच्या पायरीवर जाऊ नका.

हत्यारं आणि जागा

जुन्या बुलेटला मिलिमीटरचे पाने सगळीकडे बसत नाहीत. बरेच नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे असतात. जवळपासचा मिलिमीटरचा पाना लावला की तो निम्मा पकडतो आणि नटाचे कोपरे खातो. व्हिटवर्थ मापाचे रिंग पाने जुन्या बाजारात मिळतात, ते आधी मिळवा. त्याशिवाय क्लचचा पुलर, सर्क्लिप पक्कड, नायलॉनची किंवा लाकडी हातोडी, फेलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्नियर, लोहचुंबक आणि हीट गन. मायक्रोमीटर स्वतःचा नसला तरी चालेल, लेथवाल्याकडे असतो.

जागेचं म्हणाल तर माझं काम बाल्कनीत होतं. द्राक्षांचे दोन प्लास्टिकचे क्रेट घेतो, तळाला पुठ्ठा घालतो. एकात डाव्या बाजूचे पार्ट, दुसऱ्यात उजव्या बाजूचे. शिम (मोकळी जागा भरणाऱ्या पातळ चकत्या), वॉशर, छोट्या स्प्रिंगा अंड्यांच्या ट्रेमध्ये, निघाल्या त्याच क्रमाने. पावसाळ्यात उघडणार असाल तर उघड्या गिअरवर रोज ऑइलचा हात फिरवा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेल्या पोलादावर एका रात्रीत तांबूस थर येतो. धुवायला रॉकेल किंवा डिझेल वापरा. घरात पेट्रोलने धुऊ नका.

डावी बाजू आधी

बहुतेक जण उजवं कव्हर उघडून बसतात आणि मग डावीकडचे नट सोडवताना शाफ्ट धरायला काही उरत नाही. त्यामुळे बॉक्स आतून शाबूत असतानाच, मागची चेन चढलेली असतानाच डाव्या बाजूचे नट सैल करून घ्या.

आधी बॅटरीची वायर काढा. गिअरबॉक्सचं ऑइल स्वच्छ डब्यात काढा आणि टाकून देऊ नका. प्रायमरी चेनचं (इंजिनकडून क्लचला फिरवणाऱ्या चेनचं) कव्हर काढताना डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल आडवं येतं. आत अल्टरनेटर, इंजिनचं स्प्रॉकेट, चेन आणि क्लच दिसेल. आता गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि कुणाला तरी मागच्या ड्रमवरचा ब्रेकचा लिव्हर हाताने ओढून धरायला सांगा. माझ्याकडे हे काम धाकटा भाऊ करतो. चौथ्यात मेनशाफ्ट थेट चाकाला जोडलेला असल्यामुळे क्लचचा मधला नट आरामात सुटतो. लॉक वॉशरची वाकवलेली कड आधी सरळ करा. इंजिनच्या स्प्रॉकेटचा नटही याच वेळी सोडवा, कारण प्रायमरी चेन अखंड असते, दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बाहेर घ्यावी लागतात. क्लच बाहेर ओढायला पुलरच लावा. मागून पेचकस घालून उचकटलं तर बास्केट वाकते आणि पुढे क्लच कधीच स्वच्छ सुटत नाही.

क्लचच्या मागे मागच्या चेनचं स्प्रॉकेट असतं. त्याच्या नटाला छोटा लॉक-स्क्रू असतो, तो काढल्याशिवाय जोर लावू नका. आणि जोर कुठल्या दिशेने लावायचा ते आट्यांवरून ठरवा. नटाबाहेर दिसणारे दोन-तीन आटे नीट पुसा, टॉर्च मारून बघा. शाफ्ट उभा आहे अशी कल्पना केली आणि आटे उजवीकडे चढत गेलेले दिसले तर ते सरळ, डावीकडे चढत गेले तर उलटे. लांब पाइप लावून चुकीच्या दिशेने आवळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. स्लीव्ह गिअरचे आटे गेले की तो गिअरच बाद होतो.

उजवी बाजू

सायलेन्सर आणि उजवा फूटरेस्ट काढा. क्लचची केबल मोकळी करा. किकला कॉटर पिन असेल तर तिच्यावर थेट हातोडी मारू नका, नट टोकाला येईपर्यंत फिरवून नटावर ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत. गिअरचा लिव्हर आणि मागचा न्यूट्रलचा छोटा लिव्हर निघाले की बाहेरच्या कव्हरचे स्क्रू. कव्हर सुटत नसेल तर चहूबाजूंनी नायलॉनच्या हातोडीने टकटक करा. सांध्यात पेचकस घातलात तर ॲल्युमिनिअमवर चर पडते आणि तिथून आयुष्यभर ऑइल गळतं. किकची स्प्रिंग ताणलेली असते, कव्हर सुटताना एक हात तिच्यावर असू द्या. रॅचेटचा सगळा भाग या कव्हरसोबतच येतो.

आता आतलं कव्हर समोर आहे. इथे घाई करू नका. मोबाइलने फोटो काढा. शाफ्ट हाताने फिरवत एकेक गिअर टाका. आतल्या सेक्टरचा (गिअर बदलताना फिरणाऱ्या दातेरी तुकड्याचा) कुठला दात कशासमोर येतो त्यावर मार्करने खूण करा. मग प्रत्येक शाफ्ट आत-बाहेर ढकलून किती प्ले (मोकळी हालचाल) आहे ते फेलर गेजने मोजा आणि वहीत लिहा. पुढे नवं गॅस्केट आणि शिम निवडताना तेच आकडे कामाला येतात. कव्हर निघाल्यावर ते मोजण्याची संधी पुन्हा मिळत नाही.

मेनशाफ्टचा उजव्या टोकाचा नट आणि कव्हरचे नट काढून आतलं कव्हर बाहेर घ्या. मग फोर्क (गिअर सरकवणारा दोन बोटांचा तुकडा), दोन्ही शाफ्ट आणि गिअर. फोर्क सरकत्या गिअरच्या खाचेत कसा बसतो ते बघूनच वेगळं करा. किकचा पॉल (दात्यांत अडकणारा खटका) आणि त्याची छोटी स्प्रिंग उडते, खाली कापड अंथरलेलं असू द्या.

ऑइलमध्ये काय सापडतं

काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवा. त्यावर राखाडी मऊ चिखल आला तर तो नेहमीच्या झिजेचा. सुया किंवा कपच्या आल्या तर कुठला तरी दात किंवा डॉग तुटला आहे, तो शोधल्याशिवाय बॉक्स बंद करू नका. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक ऑइलात तरंगत असेल तर ब्रॉन्झचा बुश खाल्ला गेला आहे. माझ्या पहिल्या ऑइलमध्ये ही चमक नक्की असणार. तेव्हा ते कुणी पाहिलं नाही.

सगळं धुऊन झाल्यावर डॉग तपासा. कडा काटकोनी असायला हव्यात. नखाला धार लागली तर ठीक. कड गोल, चकचकीत झाली असेल तर तो गिअर भार आला की चढून बाहेर येणार. अशा डॉगवर वेल्डिंग भरून घासून देतो म्हणणारे भेटतील. नको. गिअरचा वरचा थर कडक केलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा जातो आणि नवी कड काही महिन्यांत दबते. दातांवर पुरळासारखे खड्डे पडले असतील, तर तो आणि त्याच्याशी जुळणारा गिअर जोडीने बदला. फक्त रंग काळपट झालाय, पृष्ठभाग गुळगुळीत आहे, तर तो गिअर ठेवा. मी आता शंका असलेला जुना अस्सल गिअर बाजारातल्या अनोळखी नव्यापेक्षा आधी पसंत करतो.

फोर्कची बोटं एका बाजूने झिजली असतील तर तो बदला. झिजलेल्या फोर्कमुळे गिअर पूर्ण आत जात नाही आणि चांगले डॉगही त्याच्यापायी खराब होतात. किक घसरत असेल तर पॉलची धार आणि तो ज्यात अडकतो त्या दात्यांची धार दोन्ही बघा.

मग शाफ्ट. जिथे बुश फिरतो तिथे आणि जिथे कधीच काही फिरत नाही तिथे, दोन्हीकडे मायक्रोमीटर लावा. फरक आला तेवढी शाफ्टची झीज. शाफ्टला पायरी पडली असेल तर नवा बुश त्यावर नीट चालणार नाही.

बुश आणि बेअरिंग

खरी मेहनत इथे आहे.

तळ बंद असलेल्या भोकातला बुश बाहेर काढायला एक जुनी युक्ती आहे. बुशमध्ये काठोकाठ ग्रीस भरा, आतल्या व्यासाला चपखल बसेल असा पोलादी दांडा त्यावर ठेवा आणि हातोडीने ठोका. ग्रीस दाबलं जात नाही, ते बुशच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलतं. दांडा सैल असेल तर ग्रीस अंगावर उडेल आणि बुश तिथेच राहील, म्हणून तो लेथवर मापाने करून घ्या.

नवा बुश फॉस्फर ब्रॉन्झचा करा. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत छोटे लेथवाले हे काम करतात, फक्त त्यांना नमुना, शाफ्ट आणि केसिंगच्या भोकाचं माप, तिन्ही द्या. आमचे लेथवाले मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "बोअर आत्ता पुरा मारून देत नाही. आधी बुश दाबून आण, मग रीमर फिरवू." त्याला कारण आहे. बुश केसिंगमध्ये घट्ट दाबला की त्याचा आतला व्यास आवळतो. आधीच शाफ्टच्या मापाचा केलेला बुश दाबल्यावर शाफ्टला आत घेत नाही, मग लोक पॉलिश पेपरने घासतात आणि भोक वाकडं होतं. बुश दाबल्यावर, दोन्ही टोकांचे बुश एका रेषेत येतील अशा तऱ्हेने रीम करणं (रीमरने भोक मापात आणणं) हाच योग्य मार्ग. फटीचा जुना अंदाज शाफ्टच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असा आहे. छपके उडून ऑइल पोचणाऱ्या या बॉक्ससाठी मी थोडी जास्त ठेवतो, २० मिमीच्या शाफ्टला ०.०३ ते ०.०४ मिमी. जुन्या बुशला ऑइलचं भोक किंवा चर असेल तर नव्यालाही त्याच जागी हवी. हे विसरलं तर बुश कोरडा चालेल आणि शाफ्टला धरेल.

बेअरिंग बदलताना ठोकाठोक करू नका, उष्णतेला काम करू द्या. ॲल्युमिनिअम दर अंशाला पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५० मिमीचं भोक ३० अंशांवरून ११० अंशांपर्यंत तापवलं की ते सुमारे ०.०९ मिमी मोठं होतं. तेवढ्या व्यासाचं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर ते आणखी ०.०२५ मिमी आकसतं. हीट गन भोकाभोवती सारखी फिरवत ठेवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की जुनं बेअरिंग सुटतं आणि नवं आपल्या वजनाने टप्पकन आत बसतं. एकाच जागी गॅसची ज्वाला धरू नका, केसिंग वाकतं. शेवटचा धक्का द्यावाच लागला तर तो बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर मारलेला घाव गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. बेअरिंगवरचा आकडा वाचून तेच आणा, आकडा पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून.

बंद करताना

ऑइल सील सगळे नवे. गॅस्केटची जाडी मात्र जुन्याइतकीच ठेवा. आतल्या कव्हरचं गॅस्केट जाड झालं की शाफ्टचा आत-बाहेरचा प्ले तेवढाच वाढतो. गॅस्केट न लावता नुसतं सिलिकॉन लावलं की कव्हर आत येतं आणि शाफ्ट जाम होतो. उघडताना वहीत लिहिलेले आकडे आता काढा. कोरडं बसवून एकदा प्ले मोजा, मग शिम ठरवा.

सगळ्या बुशना ऑइल लावून, खुणा जुळवून आतला ऐवज बसवा. कव्हरचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट हाताने फिरवून बघा. कुठे जड लागला तर तिथेच थांबा, सोडा, कारण शोधा. आवळल्यावर मोकळा होईल अशी आशा धरू नका. बाहेरचं कव्हर लावण्याआधी सेक्टर हाताने हलवून चारही गिअर आणि न्यूट्रल तपासा, प्रत्येक गिअरमध्ये डॉग किती आत गेले ते बोटाने जाणवतं. क्लच दाबणारा पुशरॉड घालायला विसरू नका. ॲल्युमिनिअममधल्या स्क्रूंना मनगटाचा जोर पुरतो, खांद्याचा नको.

ऑइल ९० नंबरचं, पण डब्यावर जीएल-४ लिहिलेलं. जीएल-५ मधली रसायनं ब्रॉन्झच्या बुशना त्रास देऊ शकतात. पातळीच्या खुणेपर्यंतच भरा, जास्त भरलेलं ऑइल या बॉक्समध्ये राहत नाही. प्रायमरी चेनच्या कव्हरमध्ये हे ऑइल ओतू नका, तिथे पातळ इंजिन ऑइल लागतं, नाहीतर क्लचच्या प्लेटा चिकटतात.

पहिली चक्कर गंगापूर धरणापर्यंत, हलक्या हाताने. परत आल्यावर रॅचेटची प्लेट पुन्हा जुळवा आणि क्लचच्या केबलला थोडा मोकळा प्ले ठेवा. खरी परीक्षा कसारा घाटात. जाताना उतारावर तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. तेव्हा चाक इंजिनला फिरवतं आणि डॉगची मागची बाजू भार घेते. येताना त्याच तिसऱ्यात घाट चढा, पुढची बाजू भार घेते. दोन्ही वेळा गिअर धरून राहिला तर बॉक्स झाला. उतरताना सुटला आणि चढताना नाही, तर त्या जोडीच्या मागच्या कडा बघायच्या राहून गेल्या आहेत.

तीनशे किलोमीटरवर ऑइल बदला आणि पुन्हा चुंबक फिरवा. या वेळी सोनेरी चमक दिसायला नको. त्या रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग स्प्रॉकेटच्या खाली असेल तर सील, कव्हरच्या सांध्याखाली असेल तर गॅस्केट, आणि प्रायमरीच्या खाली असेल तर तो गिअरबॉक्सचा नाहीच, बोटाने चोळून बघा, ते ऑइल पातळ लागेल.